मस्टर कुठे ठेवलंय?

बँकांचा पसंतीक्रम भरायच्या आदल्या रात्री भाच्याचा फोन आला. क्लार्कच्या परीक्षेने त्याला दोनदा हुलकावणी दिली होती, यंदा मात्र निघेल अशी खात्री होती. कुठली बँक पहिल्या नंबरवर टाकायची, यावर मित्रांच्या ग्रुपमध्ये आठवडाभर खल चालला होता. एकाने तर तक्ताच केला होता म्हणे. कुठे ताण कमी, कुठे बदल्या लांबच्या, कुठे सहाला सुटका होते, सगळ्याचे गुण मांडून.

"आत्या, तुझी बँक कशी आहे गं?"

"कुठली शाखा म्हणतोयस?"

"शाखा नाही गं, बँक. अठ्ठावीस वर्षं होतीस ना तिथे?"

"बँकेत कुठे होते मी? शाखेत होते. सात शाखा झाल्या."

तो हसला. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून आत्याला वेळ जात नाही, म्हणून ती कोड्यात बोलते, असं त्याला वाटलं असणार. मी काही कोड्यात बोलत नव्हते. पण ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

कागदावर पाहिलं तर सरकारी बँकेची नोकरी सगळीकडे सारखीच. बँकवाल्यांच्या पगाराचा आणि सेवाशर्तींचा १९५३चा शास्त्री निवाडा, १९६२चा देसाई निवाडा, मग १९६६ साली बँका आणि युनियन यांच्यातला पहिला द्विपक्षीय करार, ज्याला आम्ही सगळे 'बायपार्टाइट'च म्हणतो. तेव्हापासून दर काही वर्षांनी एक करार होत आला. बारावा मार्च २०२४मध्ये झाला. गडचिरोलीतल्या आणि गिरगावातल्या क्लार्कची मूळ पगाराची पायरी एकच, फरक पडला तर घरभाड्यासारख्या भत्त्यांत. किरकोळ रजा, म्हणजे सीएल, वर्षाला बारा. पीएल अकरा दिवसांच्या कामाला एक. पीएलला आम्ही मराठीत 'हक्काची रजा' म्हणायचो, आणि नियमांच्या त्याच पुस्तकात पुढे एक ओळ असते, की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, कामाची निकड पाहून ती नाकारता येईल. ही विसंगती माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. निकड आहे की नाही हे मुंबईतलं मुख्य कार्यालय ठरवत नाही. ते केबिनमध्ये बसलेला माणूस ठरवतो. माझी अख्खी नोकरी त्या एका ओळीच्या फटीत झाली, असं आता म्हणता येईल.

मी १९९४ साली लागले. पहिली शाखा सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी. आम्ही नऊ जण. जुन्या वखारीची जागा होती, वर पत्रे, आणि पाऊस आला की लेजरच्या कपाटावर प्लॅस्टिक टाकायची धावपळ. मी बार्शीहून ये-जा करायचे. बार्शी लाइटची छोटी गाडी तेव्हा अजून धावत होती; तिचं फाटक बंद मिळालं की दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

त्या वेळच्या साहेबांचं मस्टर, म्हणजे हजेरीची वही, केबिनमध्ये असायचं. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर, काचेवर, एका विशिष्ट कोनात ठेवलेलं. दहाला तुम्ही आत जायचं, ते वर न बघता पेपर वाचत असायचे, तुम्ही वाकून सही करायची आणि बाहेर यायचं. दहा वाजून दहा मिनिटं झाली की ते खिशातून लाल पेन काढत आणि शेवटच्या सहीखाली पट्टी लावून रेघ ओढत. पट्टी लावून! हाताने ओढली असती तरी चाललं असतं. अशा तीन रेघा झाल्या की एक सीएल गेली. फाटकाचं कारण मी एकदाच सांगून पाहिलं. "फाटक बँकेचं आहे का?" असं त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, आणि उत्तर तर अचूकच होतं.

ते वाईट होते का? मला अजून ठरवता आलेलं नाही. हिशोब चोख, एका पैशाची खोट नाही, कर्जाच्या फायलीला हात लावायची दलालांची हिंमत नव्हती. इन्स्पेक्शनमध्ये शाखेला कायम चांगला शेरा मिळायचा. पण सकाळी फाटकाशी गाडीची वाट बघताना माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तो दुपारच्या डब्यापर्यंत उतरायचा नाही.

१९९६च्या जूनमध्ये त्यांची बदली झाली. नवे साहेब कोल्हापूरकडचे. बँकेत ही एक गंमत असते जी बाकीच्या नोकऱ्यांत फारशी बघायला मिळत नाही. दर तीन-एक वर्षांनी साहेब बदलतो आणि बाकी सगळं तसंच राहतं. तेच नऊ जण, तीच गळकी वखार, तेच खातेदार, तोच तिजोरीचा करकरणारा दरवाजा. एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग मांडावा आणि फक्त एक गोष्ट बदलून बघावी, तसं.

नव्या साहेबांनी पहिल्या दिवशी भाषण केलं नाही. केबिनमधलं मस्टर उचललं आणि बाहेर, दाराजवळ पाण्याचा माठ असायचा, त्याच्या शेजारच्या स्टुलावर ठेवलं. शिपाईमामा गोंधळले, म्हणाले, "साहेब, पाणी सांडतं इथं." तर म्हणाले, "मग माठ सरकवा. मी आत बसून नोटा मोजू का माणसं?"

खोटं कशाला बोलू, दोघं जण त्यामुळे सोकावले. एक जण सही करून समोरच्या टपरीवर वीस मिनिटं चहा प्यायचा. साहेबांना ते दिसत होतं. एक दिवस तेही टपरीवर जाऊन त्याच्या शेजारी बसले, चहा मागवला, दोघांचे पैसे दिले आणि त्याच्या बरोबरच परत आले. पुढे त्याने टपरी सोडली असं नाही, पण वीस मिनिटांची सात झाली.

तिजोरीचं सांगते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक साहेबांकडे, एक हेडकॅशियरकडे. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ दोन माणसांना त्या अंधाऱ्या खोलीत शेजारी उभं राहावंच लागतं. आमचे हेडकॅशियर रजेवर असले की ती किल्ली माझ्याकडे यायची. पहिल्या साहेबांबरोबर ती दोन मिनिटं म्हणजे मुकी शिक्षा. कोल्हापूरचे साहेब नेमकं तेव्हाच विचारायचे, आईचा दमा कसा आहे, भावाचं कॉलेजचं काय झालं. पुढे माझ्या ध्यानात आलं, की केबिनमध्ये बोलावून ते घरचं कुणालाच विचारत नसत. केबिनमध्ये विचारलं की चौकशी होते. तिजोरीसमोर दोघांचेही हात कामात असतात.

आता दोन पत्रांचं सांगते.

पहिलं पत्र १९९५च्या जानेवारीतलं. ऊसबिलाचा हंगाम, त्यात बाजाराचा दिवस, काउंटरसमोर माणसांचा समुद्र. नोटांच्या बंडलांना तेव्हा स्टेपल मारलेली असायची; ती उचकटताना नखांखाली रक्त यायचं. (रिझर्व्ह बँकेने पुढे २००१ साली ती स्टेपल बंद करवली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कॅशियरांना झाला असेल.) संध्याकाळी कॅश मोजली तर पाचशे रुपये कमी. पुन्हा मोजली, तरी कमीच. नियम असा, की कमी पडलेली रक्कम कॅशियरने त्याच दिवशी भरायची. हेडकॅशियरांनी उसने दिले, मी भरले. साहेबांनी खुलाशाचं पत्र लिहून घेतलं. इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर 'माझ्या निष्काळजीपणामुळे' ही रक्कम कमी आली. मी 'गर्दीमुळे' असं लिहिलं होतं, त्यांनी तो शब्द खोडला आणि वर स्वतःच्या हाताने दुसरा लिहून दिला. मी पत्र पुन्हा नकलून काढलं.

दुसरं पत्र १९९७चं. तोच हंगाम, तोच काउंटर, या वेळी तीनशे रुपये. कोल्हापूरच्या साहेबांनी कचऱ्याची टोपली जमिनीवर उलटी केली आणि स्वतः मांडी घालून बसले. व्हाऊचर एकेक करून पाहिली. साडेआठपर्यंत बसलो, सापडले नाहीत. मग ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी ऊसबिल वाटायचं कुणी ठरवलं?" मी गप्प. "मी ठरवलं. म्हणजे गर्दी माझी." दीडशे रुपये काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. पत्रात 'गर्दीमुळे' असं लिहायला सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून ऊसबिलाचे वार गावागणिक वेगळे झाले, आणि बाजाराच्या दिवशी फक्त बाजारवाले. सबंध हंगामात पुन्हा एक रुपया कमी आला नाही. यात साहेबांचा मोठेपणा किती आणि साधी अक्कल किती, ते मला वेगळं करता येत नाही.

२००७ साली माझी ऑफिसरच्या बढतीची मुलाखत झाली. समोर तिघं. त्यातल्या एकाने माझी फाईल चाळली आणि विचारलं, "मॅडम, १९९५मध्ये निष्काळजीपणाचं प्रकरण काय होतं?" बारा वर्षांनी. दुसऱ्या पत्राबद्दल कुणी काही विचारलं नाही. गर्दी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. बढती मिळाली, पण उत्तर देताना माझा घसा कोरडा पडला होता. एकच बँक, एकच नियम, एकाच नमुन्यातली दोन पत्रं, आणि दोन वेगळे हात.

आमच्या शिपाईमामांचं या विषयावर स्वतःचं शास्त्र होतं. तीस वर्षांत त्यांनी अकरा साहेब पाहिले होते. पावसात पत्र्यातून गळणाऱ्या धारेखाली बादली सरकवत ते म्हणायचे, "साहेब दोन जातींचं असत्यात बाई. एक छत्री, एक पन्हळ. पाऊस तर वरून सगळ्यांवरच पडतोय. छत्री तो अंगावर घेती. पन्हळ सगळा गोळा करती आन् एकाच्याच डोस्क्यात वतती."

पुढे एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला स्लाइड दाखवली होती. गॅलप या अमेरिकी संस्थेचा २०१५चा अहवाल. कर्मचाऱ्यांचा कामातला जीव एका गटात जास्त आणि दुसऱ्यात कमी असतो, त्या फरकातला किमान ७० टक्के भाग व्यवस्थापकामुळे असतो, असं त्यात होतं. ७० हा आकडा कसा काढतात कुणास ठाऊक. मला मामांची बादली आठवली आणि हसू आलं. शेजारच्या ऑफिसरने विचारलं काय झालं, तर सांगताही येईना.

मामांचं शास्त्र मुंबईत मात्र मला अपुरं वाटलं. तिथे मी दादरच्या एका शाखेत होते, आम्ही सत्तावीस जण. मुंबईच्या शाखेत साहेब लांब असतो, रोजचं राज्य अकाउंटंटचं आणि युनियनचं. ते सगळं वेगळं पुराण आहे, इथे नको. पण २६ जुलै २००५ सांगायलाच हवा.

दुपारी पाऊस वाढला तसे आमचे साहेब बाहेर आले. आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "लांबच्यांनी निघा. कॅश आम्ही बघतो." अडीचला आम्ही डोंबिवली-कल्याणच्या बायका निघालो. त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका बँकेची शाखा होती. तिथल्या साहेबांचं नावच कडक. कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आम्ही पुढे जाताना त्यांच्या मुलींनी काचेआडून आमच्याकडे हेव्याने पाहिलेलं मला आठवतं.

आमची लोकल सायन आणि कुर्ल्याच्या मधे थांबली, ती थांबलीच. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अंधार पडल्यावर आम्ही डब्यातून रुळांवरच्या पाण्यात उतरलो, एकमेकींच्या ओढण्या धरून. रात्र एका अनोळखी घराच्या जिन्यात काढली. त्या बाईने दोनदा चहा दिला, तिचं नावही विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी चालत चालत दुपारी ठाण्याला बहिणीकडे पोचले. आणि त्या कडक साहेबांची माणसं? ती रात्रभर कोरड्या शाखेत होती. वडापाव आणला, काउंटरवर चादरी टाकल्या, भेंड्या खेळले.

म्हणजे दयाळू माणसाने आम्हाला पाण्यात ढकललं आणि कठोर माणसाने त्याच्या लोकांना वाचवलं. हे उलटंसुलटं गणित मी कितीदा तरी मनात मांडून पाहिलंय. तरी आमच्यातल्या एकीनेही साहेबांना कधी बोल लावला नाही. शाखा पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांच्या टेबलावर एक वही उघडी होती. त्यात आमची सत्तावीस नावं, प्रत्येकापुढे लँडलाइनचा नंबर, आणि पुढे बरोबरची खूण नि वेळ. माझ्या नावापुढे '२७ ता., ४.१०, बहिणीकडून' असं होतं. बहिणीला त्यांचा फोन आला होता हे मला तेव्हा कळलं. दोन दिवस ते घरी गेलेच नव्हते. दुसऱ्या शाखेतली एक मुलगी मला पुढे लोकलमध्ये भेटायची. ती त्या रात्रीचं मजेत सांगायची, आणि शेवटी हमखास म्हणायची, "पण त्याला काय, त्याला कॅशची काळजी होती."

आता माझी गोष्ट. ही लिहायची नव्हती, पण बाकीच्यांची लिहून आपली गाळली तर ते बरं दिसणार नाही.

२०१४ साली मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कांद्याच्या गावी शाखाधिकारी झाले. मस्टर बाहेर ठेवलं, हे अभिमानाने सांगते. पहिलं वर्ष जनधनमध्ये गेलं. मग २०१५पासून बारा रुपयांचा अपघात विमा आणि ३३० रुपयांचा जीवन विमा. योजना वाईट नव्हत्या. गावातल्या दोन घरांना त्या पैशांनी खरंच आधार झाला. पण रीजनल ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संध्याकाळी शाखांचे आकडे उतरत्या क्रमाने लागायचे आणि तळाच्या पाच नावांना लाल रंग असायचा. तेच लाल. रात्री नऊला रीजनल मॅनेजरचा फोन. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, नऊ वाजलेत." ते म्हणाले, "मला झोनलचा दहाला येतो." तेव्हा कळलं, की साहेबालाही साहेब असतो आणि त्याच्याही डोक्यावर कुणाची तरी पन्हळ असते. मामांना हे दिसलं नव्हतं. त्यांच्या जागेवरून ते दिसणारही नव्हतं.

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. रात्री आठनंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. बुधवारी बँका बंद, गुरुवारी उघडल्या तेव्हा रांग बाजार समितीच्या फाटकापर्यंत गेली होती. बदलून द्यायची मर्यादा चार हजार, मग साडेचार, मग दोन. रोज नवं परिपत्रक. कांद्याचे पैसे जन्मभर रोखीत घेतलेली माणसं आयुष्यातला पहिला चेक दोन्ही हातांत धरून आली. १२ तारखेचा शनिवार दुसरा होता, म्हणजे सुट्टीचा. तोही चालू. १३चा रविवारही चालू.

माझा हेडकॅशियर तिशीतला मुलगा, कामाला वाघ. शुक्रवारी रात्री कॅश बंद केल्यावर तो केबिनच्या दारात आला. म्हणाला, "मॅडम, रविवारी अर्धा दिवस मिळेल का? संगमनेरला बायकोचं डोहाळजेवण आहे. महिन्यापूर्वी ठरलंय."

विचार करा, माणूस रविवारची रजा मागत होता.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "डोहाळजेवणात पुरुषाचं काय काम रे?"

तो म्हणाला, "काही नाही, मॅडम." आणि गेला.

रविवारी तो सकाळी साडेआठला हजर होता. रात्री साडेदहाला कॅश रुपयाला रुपया टॅली केली. दुपारी जेवताना त्याच्या मोबाइलवर फोटो आला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य, सजवलेल्या झोपाळ्यावर बसलेली त्याची बायको. तो सगळ्या शाखेने पाहिला. मला तो शिपायाने दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिजोरीसमोर उभे होतो. मी माझी किल्ली फिरवली, त्याने त्याची फिरवली. मला विचारायचं होतं, कसा झाला कार्यक्रम, ओटी कुणी भरली, काय काय केलं होतं. कोल्हापूरच्या साहेबांनी नक्की विचारलं असतं. मी विचारलं, "शंभराच्या किती गड्ड्या उरल्यात?"

वरून आदेश नव्हता का? होता, आणि नव्हताही. 'रजा शक्यतो देऊ नयेत. अत्यावश्यक बाबतीत शाखाधिकाऱ्याने आपल्या अखत्यारीत निर्णय घ्यावा,' असं आलं होतं. त्या 'अखत्यारीत'चं मी काय केलं ते तुम्ही वाचलंत. शेजारच्या तालुक्यातल्या शाखेला हेच परिपत्रक होतं, हाच रीजनल मॅनेजर आणि एवढीच रांग. तिथल्या शाखाधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी प्रत्येकाला आळीपाळीने चार तासांची सुट्टी लावून दिली आणि स्वतः काउंटरवर बसला. हे मला दोन महिन्यांनी एका मीटिंगमध्ये कळलं. मी त्याला विचारलं, कुणी काही बोललं नाही का? म्हणाला, "कळलं तर बोलतील ना."

मला भीती वाटली होती, एवढंच खरं कारण. त्या लाल पाच नावांत जायची भीती. वाक्य मात्र मी भीतीचं बोलले नाही, चेष्टेचं बोलले. त्याने पुढे कधी काही दाखवलं नाही. काम चोख, 'मॅडम' म्हणणं चोख. फक्त आधी संध्याकाळी जाताना तो केबिनच्या दाराशी थांबून "निघतो मॅडम" म्हणायचा, ते बंद झालं. सहा वाजता खुर्ची रिकामी दिसायची. २०१७च्या जूनमध्ये माझी बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात तो दोन शब्द बोलला. "मॅडमनी नोटबंदीत शाखेला कॅश कधी कमी पडू दिली नाही." ते खरं होतं. टाळ्या झाल्या, मला शाल आणि श्रीफळ मिळालं.

आता बँका बदलल्यात. कोअर बँकिंग आल्यापासून लेजर गेली. मोठी कर्जं वरच्या ऑफिसात प्रोसेस होतात, साहेबाच्या सहीचं वजन उतरलंय. रजेचा अर्जसुद्धा पोर्टलवर असतो. पण त्या पोर्टलवर शेवटी जे बटण असतं ना, मंजूर-नामंजूरचं, ते दाबायला अजूनही तोच केबिनमधला माणूस लागतो. परवा एक माजी सहकारी सांगत होता, त्याच्या शाखेत अर्ज नामंजूर होतच नाहीत. साहेब ते उघडतच नाहीत, तारीख आपोआप उलटून जाते. लाल पेनाची आठवण येऊन मला त्या जुन्या साहेबांबद्दल प्रथमच आदर वाटला. त्यांनी निदान पट्टी लावून रेघ ओढली होती.

भाच्याची निवड झाली. यादीतली तिसरी बँक मिळाली आणि शाखा धाराशिव जिल्ह्यातली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला. काय नेऊ, काय विचारू, वगैरे. मी म्हटलं, डबा ने, आणि एवढंच बघ की मस्टर कुठे ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला त्याचा फोन.

"आत्या, मस्टर नाहीच गं. बायोमेट्रिक आहे."

"ते कुठे लावलंय?"

"केबिनच्या काचेला लागून. बाहेरच्या बाजूने."

मी जरा विचारात पडले. बाहेरून, पण काचेला लागून. म्हणजे अंगठा लावताना आतून दिसणार.

"आणि केबिनचं दार?"

"दिवसभर उघडंच होतं."

"अरे वा!"

"एसी बंद पडलाय म्हणून गं."